हसरी तबकडी

पनवेल, इस्राएल आळी
३ सप्टेंबर १९६१

प्रिय सॅम,

तार पोचली असेलच. तारेत मावलं तेवढं कळवलं होतं, बाकीचं आता लिहिते. तुझं उत्तर नाही म्हणून आई रोज ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसते, आणि इस्राएलातलं बीरशेबा म्हणजे काही आपलं बेलापूर नव्हे असं मी तिला रोज समजावते.

बाबांना त्रास झाला नाही. शनिवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांचा नेम तुला माहीत आहे. शब्बाथचा दिवस ग्रामोफोनला हात लावायचा नाही, पण संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की दुसऱ्या क्षणी चावी फिरलीच पाहिजे. ढगाळ हवेत ते गच्चीवर जाऊन तारे शोधायचे आणि आई खालून ओरडायची, "सापडले का हो, की उसने आणू?" त्या शनिवारी तारे स्वच्छ दिसले. घर माणसांनी भरलं होतं, बायका रडत होत्या, आणि मला एकच सुचत होतं की आता चावी कोण देणार. हे मी इथे कुणाजवळ बोलले नाही. लोक म्हणाले असते, मास्तरणीला अक्कल नाही.

थडग्यापाशी कदिशची प्रार्थना जुडाहकाकांनी म्हटली. मुलाने म्हणायची असते, पण मुलगा बीरशेबात.

आता वर्षभर घरात गाणं-बजावणं नाही. ग्रामोफोनवर आईने तिचं जुनं लुगडं घातलंय. कोपऱ्यात कुणी म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन बसलीय असं वाटतं. येताजाता मी तिच्याकडे बघत नाही.

सॅम, आठ वर्षांपूर्वीचं मला उकरायचं नाही. पण आपण दोघांनी त्याबद्दल एक अक्षर कधी लिहिलं नाही, म्हणून एकदाच लिहिते. पेसाहचा सण झाल्यावर बाबांनी पेटी उघडली आणि अमेरिकन सोल्जरांकडून मिळालेल्या चारही तबकड्या राखी पडलेल्या निघाल्या. त्यांत आपली हसरी होती. तबकडी लाखेची, स्पिरिट लागलं की लाख विरघळते, हे ग्रामोफोनवाल्या कुणालाही ठाऊक असतं. तू दवाखान्यात कंपाउंडर, तुझ्या हातांना सदा तोच वास. बाबांनी विचारलं, "तू पुसल्यास?" तू म्हणालास, "हो." झालं. त्यावर बाबा ओट्यावर उभे राहून आळीदेखत म्हणाले की हा माझा मुलगा नव्हे, आणि दिवाळीच्या आत तू बोटीवर चढलास. मलाही तुझा फार राग आला होता. ती हसरी माझीही होती.

आता राग नाही. आता फक्त तीन माणसांच्या घरात दोन माणसं आहेत.

पुढच्या ऑगस्टमध्ये वर्ष होईल. मलिदा करू, प्रार्थना होईल, आणि मग लुगडं काढून पहिली तबकडी लावायची. ती कुठली लावायची हे तू ठरव, आणि तेव्हा इथे ये. पत्रात निरोप पाठवून भागवू नकोस.

पुढच्या आठवड्यात लागणाऱ्या आपल्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा. आई म्हणते, वजन वाढव.

तुझी ताई,
हदासा


पनवेल
१२ नोव्हेंबर १९६१

प्रिय सॅम,

शाळेच्या पत्त्यावर लिहिलंस ते बरं केलंस. घरी आलेलं प्रत्येक पत्र आई अजून मोठ्याने वाचून घेते, तेही खिडकी उघडी ठेवून, म्हणजे शेजारणींना चुकायला नको. तुझं ते एक वाक्य तिने ऐकलं असतं तर? "ज्यांनी आळीदेखत नाकारलं, त्यांच्या वर्षाला येऊन मी कुणाचा मुलगा म्हणून बसू?" मी ते वर्गात, मुलं गणितं सोडवत असताना वाचलं. एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नाय का?"

बाबांच्या तोंडून गेल्या आठ वर्षांत तुझं नाव मी फारसं ऐकलं नाही, हे खरं आहे. खोटं सांगून तुला बोलावणार नाही.

म्हणून आज दुसरंच लिहिते. घरात शांतता इतकी आहे की मी तबकड्या नुसत्या काढून बघते. लेबल वाचलं की डोक्यात वाजायला लागते. लाजरी काढली की आधी पियानोवाला चार पावलं चालतो, ड्रमवाला ब्रशने सुपात तांदूळ पाखडल्यासारखा मागे घासत असतो, आणि मग ती क्लॅरिनेट दाराआडून डोकावते. तुला आठवतं, आपण तिला लाजरी नाव ठेवलं तेव्हा बाबा केवढे खूश झाले होते? इंग्रजी नावं आपल्याला वाचता येत नव्हती म्हणून आपण सगळ्यांची बारशी केली. तुतारी आणि ट्रॉम्बोन एकमेकांच्या अंगावर धावून जातात ती भांडकुदळ. लाजरी माझी. आणि हसरी सगळ्यांची.

हसरीतल्या त्या हसण्यासाठी आपण श्वास धरून बसायचो. शेवटच्या वळणावर तुतारीवाला भलतीकडेच निघून जातो, आता चुकला, आता पडला असं वाटतं, आणि कुठून तरी फिरून बरोबर ठेक्यावर येतो. तिथे मागे कुणीतरी हसतं. लगेच तबकडी संपते. मी एकदा विचारलं, "बाबा, तो का हसला?" बाबा म्हणाले, "अगं, हे कागदावर लिहिलेलं नसतं. तिथल्या तिथे सुचतं. त्याने सगळ्यांना न सांगता रानात नेलं आणि वेळेवर घरी आणलं. हसू नको तर काय करू?"

मीठ खात्यातला कारकून हा, आयुष्यभर मिठाच्या गोणी मोजलेला. साहेबाचे कागद द्यायला मुंबईला गेला, एका मोठ्या हॉटेलाच्या मागल्या बाजूला वाट चुकला आणि मुदपाकखान्याच्या दाराशी उभा राहून गोवेकर वाजंत्र्यांची तालीम ऐकत बसला. शेवटची लाँच चुकली. आईला वाटलं, धक्क्यावरून पडले. दुसऱ्या दिवशी घरी आले तर कागद तसेच पिशवीत. ही गोष्ट ते हजारदा सांगायचे आणि आई हजारदा म्हणायची, "त्यापेक्षा दुसरी बाई केली असती तर ती निदान भांडी घासायला आली असती."

लढाईत सुया मिळेनात तेव्हा आपण तिघं बाभळीचे काटे आणायला जायचो, तेही आठवतं. बाबा एकेक काटा कानशीने घासून लावायचे. आवाज बारीक यायचा, पण गोड. आपले हात आठवडाभर सोललेले असायचे.

बाबा गेल्यापासून अशा फुटकळ गोष्टी फार आठवतात. दर एप्रिलात ते पेटी आणि ग्रामोफोन बैलगाडीत घालून ओवे गावी आपल्या मिठागरातल्या मित्राकडे, कमळाकरमामांकडे, नेऊन ठेवायचे, हे तू गेल्यावर सुरू झालं. माजघरावरचा पत्रा तापतो, तबकड्या वाकतील, मामांच्या भाताच्या कणगीत गारवा असतो, असं म्हणायचे. सण आटपला की परत आणायचे. मी चिडवायची, "बाबा, खरा उन्हाळा मे महिन्यात. मग मे महिन्यात परत का आणता?" तर म्हणायचे, "तू भूगोल शाळेत शिकव." आता एप्रिलात कोण नेणार? मला तर गाडीही जुंपता येत नाही.

जुडाहकाकांचंही तिकडे यायचं ठरतंय. ते गेले की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना इथे नाकी नऊ येतील.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण हे वाचून हसलास का, ते कळव.

हदासा


पनवेल
१५ एप्रिल १९६२

सॅम,

हे पत्र घरी दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. स्वतः पोस्टात टाकते. तूही वाचून फाडून टाक.

बुधवारी संध्याकाळी पेसाह लागतोय. आईचं सणापूर्वीचं घर-साफ म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. कल्हईवाला येऊन गेला, पाटे-वरवंटे उकळत्या पाण्यातून निघाले, कपाटाचे कोपरे खराट्याच्या काडीने कोरून झाले. पावाचा एक कण घरात राहता कामा नये. शुक्रवारी मी शाळेतून आले तर आई माजघरात जमिनीवर बसलेली. पुढ्यात तबकड्यांची पेटी. एका हातात जुन्या मांजरपाटाचा बोळा आणि बाजूला स्टोव्ह पेटवायच्या स्पिरिटची बाटली.

मी दारातच उभी राहिले.

"आई, काय करतेस?"

"तुझे बाबा पाव खात खात गाणी ऐकायचे. सगळा चुरा या रेघांत गेलाय. दर सणाला जीव खाली-वर व्हायचा माझा, पण ते पेटी उचलून ओव्याला न्यायचे. हाताला लागेल तर शपथ. एका वर्षी तेवढी साधली होती मला."

"कुठल्या वर्षी?"

"सॅम गेला ना, त्या वर्षी. वरच्या चार-पाच पुसल्या, तेवढ्यात दूध उतू गेलं. बघ, ही बघ, कशी चकाकते!"

तिने हातातली तबकडी उजेडात धरली. ओली होती म्हणून चकाकत होती. ती लाजरी होती, सॅम.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मग तिचा चेहरा बघितला. बाबा गेल्यापासून इतकी समाधानी मी तिला बघितली नव्हती. ती बाबांच्या वस्तूची सेवा करत होती. त्या वर्षीचं भांडण तबकड्यांवरून झालं, हे तिला आपण कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "छान झालीय. दे, उरलेल्या मी पुसते. तू जरा पड." तिने बोळा माझ्या हातात दिला. मी तो कोरडा करून उरलेल्या तबकड्यांवरून नुसता फिरवत बसले. लाजरी माझ्या डोळ्यांदेखत वाळली आणि राखी पडली.

आता मला कळलं की त्या वर्षी तू काय बघितलंस. तूही असाच दारात उभा राहिला असशील. तीही तुला असंच म्हणाली असेल, बघ कशी चकाकते. आणि सण झाल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा तू "हो" म्हणालास. अरे गाढवा, नऊ वर्षं! मला तरी सांगायचंस. मी तुझ्यावर इतकी रागावले होते.

रडू आवरत नाही म्हणून थांबते. आई विचारतेय, कांदा चिरतेस का.

ताई


पनवेल
२९ एप्रिल १९६२

प्रिय सॅम,

सण झाला. तुझं उत्तर यायला वेळ लागेल, पण मला थांबवत नाही. काल रात्रभर विचार करून आज रविवारी ओव्याला जाऊन आले.

त्या पत्रानंतर मला एकच भुंगा लागला होता. बाबा तुला अपराधी समजूनच गेले, आणि आता ते कुणाला सांगून दुरुस्त होणार? पण मग आईचं बोलणं परत परत आठवायला लागलं. दर सणाला पेटी उचलून न्यायचे. हाताला लागेल तर शपथ. मी इतकी वर्षं उन्हाळ्याचे महिने मोजत बसले आणि सणाची तारीख काही बघितली नाही. भूगोल शाळेत शिकवते मी!

कमळाकरमामा मिठागरावर होते. मीठ उचलण्याचे दिवस आहेत, माणसं घमेली वाहत होती. मला बघून मामा बांधावर आले. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "मामा, बाबा पेटी तुमच्याकडे का आणायचे?"

मामांनी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. "बाय, आता तो नाय, म्हनून सांगतो. पोरगा गेला, त्याच्या दुसऱ्या साली तुजा बाप भर उनात गाडी घेऊन आला. घामानी भिजलेला. मना बोलला, कमळाकर, माजा पोरगा निर्दोष हाय. माजी बायको आज परत बाटली घेऊन पेटीपाशी बसली व्हती."

"मग सॅमला कळवलं का नाही?"

"तेच आमी बोललो. लिव ना पोराला! तर बोलतो, त्याची पत्रां घरात मोठ्यानी वाचतात. त्यानी काय उलट लिवला तर तिला कलंल. पोरानी आयसाठी तोंड बंद ठेवला, नि मी बापानी उघडू?"

हे खरं आहे सॅम, पण पुरतं नाही. तू शाळेच्या पत्त्यावर लिहितोस, तसं बाबांना ओव्याच्या पत्त्यावर लिहिता आलं असतं. उरलेलं सगळं बाबांचं नाक. आळीदेखत बोललेला शब्द गिळायला ते नाक आड येत होतं. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला देवाने नाकही तेवढंच दिलं होतं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं, आणि आता दोन्ही करायला ते नाहीत.

परत निघताना भामामामी ओट्यावर भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुजा बाप हितं एकच लावायचा गो. नुसती खरखर. कढईत मासली तलल्यागत. आमी बोलायचो, दादा, चांगली लावा ना एकांदी. तर बोलायचा, वैनी, ही माज्या सॅमची हाय. नि शेवट आला का कान लावून बसायचा. काय ऐकायचा कोन जाने."

तुला आणि मला ठाऊक आहे काय ऐकायचे. त्या खरखरीत ते हसू अजून कुठे शिल्लक आहे का, ते दरवर्षी तिथे जाऊन बघायचे.

"माझ्या सॅमची" म्हणायचे. हे मी माझ्या पदरचं घातलेलं नाही. भामामामींना खोटं बोलता येत नाही, त्या तोंडावर सांगतात की मी जाडी झाले.

तू विचारलं होतंस, कुणाचा मुलगा म्हणून बसू. आता तुला उत्तर मिळालं. ये.

हदासा


पनवेल
१२ ऑगस्ट १९६२

प्रिय सॅम,

तुझं पत्र शुक्रवारी शाळेत आलं. रजा डिसेंबराच्या आधी मिळत नाही, हे वाचून आधी हिरमुसले. मग बायकोला घेऊन येतोस ही पुढची ओळ वाचली आणि शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. डिसेंबर तर डिसेंबर. थंडीत तबकड्याही चांगल्या वाजतात. सूनबाईंना सांग, पनवेलचे डास थंडीवारा बघत नाहीत.

आणि पहिली तबकडी कुठली, याचं उत्तर तू दोन शब्दांत दिलंस. "हसरी लाव." वाचून मी म्हटलं, हा पक्का बाबांचा मुलगा.

काल वर्ष झालं. शब्बाथ सुटल्यावर मलिदा केला. पोह्यांत गूळ-खोबरं आईनेच कालवलं, मला हात लावू दिला नाही. जुडाहकाका तिकडे येऊन चार महिने झाले, तरी कसेबसे दहा पुरुष जमले. कमळाकरमामा आणि मामी ओव्याहून आले होते. प्रार्थना झाली, माणसं जेवून गेली. घरात आम्ही चौघंच उरलो, तेव्हा मी गच्चीवर जाऊन आले. पावसाळी हवा, एकसुद्धा तारा दिसला नाही. आई खालून म्हणाली, "सापडले का गं, की उसने आणू?" आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

लुगडं मी काढलं. नवी सुई लावली. हसरी काढली तशी मामा-मामी एकमेकांकडे बघायला लागले. आई म्हणाली, "थांब, चावी मी देते." उभ्या आयुष्यात तिने त्या यंत्राला चावी दिली नव्हती. बाबांसारखीच, ओठ आवळून दिली.

खरखर सुरू झाली. खूप खोल, विहिरीच्या तळातून यावी तशी तुतारी कधी ऐकू यायची, कधी बुडायची. पण मला सगळं पाठ होतं. ती रानात शिरली तिथे मी श्वास धरला. मामांनीही धरला. त्यांनाही आता पाठ झालंय. ठेक्यावर परत आली असावी, आणि मग त्या हसण्याच्या जागी मी कान लावून बसले. काही नाही, सॅम. नुसती खरखर. मग सुई घासून थांबली.

मी मान खाली घातली होती. तर आई म्हणाली, "हसला बघ! ऐकलंस ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा होता की तिने खरंच ऐकलं असावं. इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातून नावं ठेवत होती आणि प्रत्येक शनिवारी ऐकतही होती. हसण्याची जागा तिलाही पाठ होती.

"ऐकलं," मी म्हटलं. मामाही म्हणाले, "आयकला, वैनी."

आईने तबकडी स्वतः उचलली. पदराने हलकेच पुसली आणि कव्हरात घातली. "केवढी जुनी, पण आवाज बघ कसा राहिलाय," ती म्हणाली. "त्या वर्षी मी पुसून ठेवली होती ना, म्हणून."

बाबांनी हो म्हटलं असतं. मीही हो म्हटलं. डिसेंबरात ती तुलाही ऐकवेल आणि हेच सांगेल. सॅम, तूही हो म्हण.

तुझी ताई,
हदासा